कामाची चाड कोठून येते?

‘कामाला माणूस मिळत नाही’ ही तक्रार परभणी जिल्ह्यात वर्षातून दोनदा तरी हमखास कानी येते. एकदा आषाढ-श्रावणात खुरपणीच्या वेळी, आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी एकाच वेळी अंगावर येते तेव्हा. तक्रार करणारा शेतकरी असतो; त्याची अडचण खरी असते आणि त्याच्या बोलण्यातील त्रागाही समजण्यासारखा असतो. परंतु जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत या तक्रारीला जे अनुमोदक मिळतात ते बहुधा पगारदार असतात. शाळेच्या शिक्षकखोलीत, तहसीलच्या आवारातील चहाच्या टपरीवर हा विषय निघतो आणि पाच-दहा मिनिटांत निकालात निघतो. रेशनचे फुकट धान्य, सरकारी अनुदाने आणि रोजगार हमी योजना यांनी माणसे आळशी झाली. पूर्वीची पिढी कशी राबत असे. आता कोणाला कामाची चाड म्हणून उरली नाही, हा तो निकाल होय. त्यावर अपील नसते. उपाय म्हणून शाळांतून श्रमप्रतिष्ठेचे पाठ द्यावेत असे सुचवले जाते आणि ते देण्याचे काम अर्थातच दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवले जाते.

या निकालाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा दरवर्षी जिल्ह्याच्या रस्त्यांवरूनच जात असतो. दसऱ्यानंतर गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. हिशेब टनावर असतो. तांबडे फुटण्यापूर्वी फडात उतरायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री ज्या प्रहरी येईल त्या प्रहरी ती भरून द्यायची. एखादा दिवस अंग मोडून पडले तर ‘खाडा’ लागतो. म्हणजे मजुरी बुडतेच, वर दंडही कापला जातो. आजारी पडण्याचेही पैसे मोजावे लागतात असे धंदे फार नसतील. हे चार-पाच महिने चालते. ज्याला त्याच्या गावात कामचुकार म्हणून ओळखले जाते, तोच माणूस दोन-तीनशे मैलांवर जाऊन असे राबतो. त्याला आळशी ठरवायचे असेल तर आधी शब्दकोश बदलावा लागेल.

अर्थात ऊसतोडणीला कामाच्या निष्ठेचा आदर्श म्हणून मिरवणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्या राबण्यामागे मुकादमाकडून घेतलेली उचल असते, आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. दीर्घ आंदोलनानंतर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली खरी. पण कोप्यांतून राहणारी मुले, बुडणाऱ्या शाळा आणि बायकांच्या आरोग्याची हेळसांड यांचा हिशेब कोणत्याही करारात आलेला नाही. येथे मुद्दा इतकाच की, तेच हात एका ठिकाणी वेगाने चालतात आणि दुसऱ्या ठिकाणी रेंगाळतात. हातांत फरक नाही, तेव्हा तो ठिकाणांत शोधला पाहिजे.

पहिला फरक कोरडवाहू शेतीच्या पंचांगात आहे. पेरणी, खुरपणी, काढणी, वेचणी यांच्या हंगामात सर्वांना एकाच वेळी सर्व मजूर हवे असतात. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरी आली की शिमग्यापासून मृगापर्यंत त्याच मजुराला कोणी विचारीत नाही. वर्षाचे इतके दिवस सक्तीने रिकामा ठेवलेला माणूस उरलेल्या दिवसांत बोलावल्याबरोबर धावत यावा, अशी अपेक्षा असते. अर्थशास्त्रात याला हंगामी बेकारी म्हणतात. गावात आळस म्हणतात. बागायत आली तर हे पंचांग बदलते, आणि त्यासाठीच जायकवाडीचे स्वप्न परभणीने पाहिले. १९६५ साली पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली उद्घाटन झालेल्या त्या धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणीच्या शिवारापर्यंत येतो. परंतु एवढ्या लांबीच्या कालव्यात शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी वेळेवर मिळेल की नाही, हे त्याच्या मेहनतीवर ठरत नाही. वाफे बांधून पाण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती वाळलेले पीक आले, तर पुढच्या वर्षी तो वाफे बांधण्याची घाई करीत नाही. वाटसरूला तो पारावर बसलेला दिसतो.

तेव्हा श्रमाचा आणि फळाचा संबंध डोळ्यांना दिसावा लागतो, ही पहिली अट. दुसरी अट अशी की, झालेले काम कोणीतरी प्रामाणिकपणे मोजावे लागते. या दोन्ही अटी ओळखून उभारलेली एक रचना महाराष्ट्राने देशाला दिली, आणि आज जिला आळसाची जननी म्हटले जाते ती नेमकी तीच आहे.

१९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पावसाने पाठ फिरवली आणि १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मिलो खाऊन, सुकडीवर मुले जगवून या माणसांनी खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले. फुकट वाटपाच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा त्यांनी काम मागितले, ही गोष्ट आळसाचा निकाल देणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिला या अनुभवाने बळ मिळाले. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनीही १९७१ च्या आपल्या दारिद्र्यविषयक ग्रंथात सार्वजनिक कामांचाच मार्ग सुचवला होता. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द सर्वांच्या लक्षात राहिले; पण त्यांच्या जोडीला असलेली ‘कामाप्रमाणे दाम’ ही अट मात्र सोयीस्करपणे विसरली गेली.

ती अट अशी होती. मजुरी हजेरीवर न देता मोजमापावर द्यावयाची. सरासरी माणसाने सात तास मन लावून काम केले तर शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी रक्कम पडावी, अशा बेताने मातीकामाचे दर ठरवलेले. बाईचा दर वेगळा नाही आणि पुरुषाचा वेगळा नाही. माती जितकी निघाली तितके पैसे. ज्या समाजात बाईच्या दिवसाची किंमत पुरुषाच्या दिवसाहून कमी हे गृहीतच धरलेले होते, तेथे फीत दोघांना सारखेच मोजू लागली. कामावर खोदलेल्या चौकडीच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट तसाच राखून ठेवीत असत. खड्डा किती खोल गेला याचा तो साक्षीदार. मोजणी होऊन मोजमाप-पुस्तिकेत आकडा चढेपर्यंत त्याला कोणी हात लावीत नसे. श्रमप्रतिष्ठेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील धड्यापेक्षा त्या खुंटाने अधिक माणसांना कामाचा अर्थ शिकवला असेल.

या योजनेचा पैसा कोठून आला, हेही पगारदार वर्गाला माहीत असायला हवे. कारण तो त्यांच्याच खिशातून आला. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला तो प्रामुख्याने रोजगार हमीसाठी. वर्षाला कमाल अडीच हजार रुपयांची ही कपात आजही पगारपत्रकावर दिसते. कर भरणाऱ्याने त्या पैशाचे काय झाले असे विचारणे रास्तच आहे. परंतु ते विचारताना बोट मजुराकडे दाखवायचे की मोजमाप-पुस्तिकेकडे, याचा विवेक हवा.

कारण ही रचना बिघडली ती मजुरापाशी नव्हे. खड्डा खोदून झाला, पण मोजणीला ओव्हरसियर आला नाही. आला तर पुस्तिका वेळेवर कचेरीत पोहोचली नाही. पोहोचली तर टेबलावर पडून राहिली. केंद्राने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्यात पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन होते आणि विलंब झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाईची तरतूदही नियमांत आली. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये ठरला. सहा दिवसांची मजुरी १८७२ रुपये होते; तिच्यावरील भरपाई दिवसाला एक रुपयाही भरत नाही. इतक्या स्वस्तात उशीर करता येत असेल तर उशीर होणारच. यात भर पडते ती खोट्या हजेरीपटांची. तळे रात्री जेसीबीने खोदायचे, पटावर गावातील नावे भरायची आणि ज्याच्या खात्यावर पैसे पडले त्याच्या हातावर थोडे ठेवून बाकीचे वाटून घ्यायचे, हा प्रकार आता महाराष्ट्रात कोणाला नवा वाटत नाही. काम आणि दाम यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हा धडा मजूर येथे शिकतो. तो शिकवणारे मात्र शिकलेले असतात.

आणि मग मजुराचे वागणे अगदी हिशेबी होते. घाम गाळल्यावर दोन-दोन महिने पैसे येणार नसतील तर तो त्या कामावर जात नाही. त्याला संध्याकाळी पैसे लागतात; किराणा दुकानदार मोजमाप-पुस्तिकेवर उधार देत नाही. म्हणून तो मुकादमाची उचल घेतो, कारण तेथे पैसे आधी मिळतात. अशा रीतीने कचेरीतील एका टेबलावरील दिरंगाई माणसाला ऊसाच्या फडात नेऊन सोडते आणि इकडे गावात ‘माणूस मिळत नाही’ ही तक्रार सुरू होते. २००५ च्या कायद्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. म्हणजे शेतावर मजूर मिळत नाही याचे खापर सरकारनेही कामांवरच फोडले. मजुरी वेळेवर का मिळत नाही, हा प्रश्न त्या ६० दिवसांनी सुटणारा नाही.

मजूर दूर ठेवून पगारदारांच्या कामाकडे पाहिले तर काय दिसते? तेथे मोजली जाते ती हजेरी. यंत्रावर अंगठा उमटला की दिवस भरला. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आला आणि त्या बदल्यात रोजची वेळ वाढली. वाढलेल्या वेळेत किती कागद हातावेगळे झाले, याची फीत कोणी लावली नाही. वस्तुतः २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदती घालून दिल्या. नागरिकांची सनद बहुतेक कार्यालयांच्या भिंतीवर लटकते आहे. ती वाचायला मात्र बराच वेळ मिळतो, कारण काम होईपर्यंत तिच्यासमोरच उभे राहावे लागते. शाळा-महाविद्यालयांची गोष्ट निराळी नाही. तास झाला याची नोंद होते. विद्यार्थ्याला काय समजले याची नोंद परीक्षेवर सोडलेली असते, आणि परीक्षेला काय चालते ते जिल्ह्यातील प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. गंमत अशी की, मजुराचे मोजमाप कचेरीत येण्याऐवजी कचेरीची हजेरीच मजुरापर्यंत गेली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी घेण्याची सक्ती आली. खड्ड्याची खोली फोटोत दिसत नाही.

यावर एक जुना आक्षेप घेतला जातो. मजुरी वाढवली, वेळेवर दिली, तरी माणूस कमीच काम करतो. गरजेपुरते मिळाले की घरी बसतो. हा आक्षेप परभणीचा शोध नव्हे. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात विवेचनात हेच उदाहरण दिले आहे. मॉर्गेन या तिकडच्या मापाला एक मार्क मिळत होता तेव्हा कापणीवाला दिवसाला अडीच मॉर्गेन कापून अडीच मार्क मिळवीत असे; दर सव्वा मार्क केल्यावर त्याने दोनच मॉर्गेन कापले आणि पुन्हा अडीच मार्कच घरी नेले. वेबरने याला परंपरेची वृत्ती म्हटले आणि ती मोडण्याचे श्रेय एका धर्मपंथाच्या शिकवणुकीला दिले. त्या मताचा वाद शंभर वर्षे चालू आहे. पण ज्याला जास्तीच्या अर्ध्या मार्काने आपल्या मुलाचे आयुष्य बदलेल असे वाटत नाही, तो कापणी थांबवून घरी गेला तर त्यात नीतीचा प्रश्न कमी आणि भविष्याचा अधिक आहे. ऊसतोडणीचा दर वाढला म्हणून ज्याच्या डोक्यावर उचल आहे असा कोणी कमी ऊस तोडल्याचे ऐकिवात नाही. आणि उचलीच्या धाकाऐवजी उद्याच्या आशेनेही माणूस तितकाच राबू शकतो, हे अजून फारसे कोणी करून पाहिलेले नाही.

तथापि सगळा दोष मोजणीवर ढकलून मोकळे होता येणार नाही. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर करणारा वरचा, ही समजूत आपल्याकडे जातीबरोबर मुरलेली आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. दळणकांडण करणाऱ्या या दासीने त्या कष्टांतूनच परमेश्वराशी नाते जोडले आणि सातशे वर्षे तिच्या ओव्यांनी महाराष्ट्राला गहिवर आणला. मात्र गहिवरणाऱ्या समाजाने जाते दासीकडेच राहू दिले. आज त्याच गंगाखेड तालुक्यातील बायका कोयता घेऊन फडात जातात, आणि श्रमाच्या पावित्र्यावरील व्याख्यान ऐकायला गावात उरतात ते ज्यांना त्या श्रमाची गरज पडत नाही असे.

याची किंमत सर्वांत अधिक मोजतो तो पदवीधर तरुण. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परभणीतील अभ्यासिकांमधून पहाटेपासून बसणारी मुले आळशी आहेत असे कोण म्हणेल? त्यांच्या चिकाटीपुढे मान लवावी. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतची त्यांची मेहनत अशा ठिकाणी जाते, जेथे शंभरातील नव्याण्णव जणांच्या श्रमाचे काहीच उत्पन्न निघणार नाही हे आधीच ठरलेले असते. घरच्या पाच एकरांवर हात लावायला त्यांना आईबापच मना करतात. शिकून माती उपसायची तर शिकला कशाला, हा त्यांचा सवाल असतो. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्याच्या मुलाने शास्त्र शिकून शेतीकडे वळावे हीच त्यामागची आकांक्षा होती. तेथील अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला खेड्यात राहून शेतकऱ्याबरोबर काम करावे लागते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते दिवस संपले की कृषी पदवीधरही बहुधा त्याच अभ्यासिकेत येऊन बसतो.

अन्य महाविद्यालयांपाशी यासाठी काही साधन नाही असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे आणि तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर खेड्यात भरते. तेथे श्रमदान होते. उद्घाटनाला पाहुणे येतात, नव्या कोऱ्या फावड्याने पहिली माती उचलली जाते, फोटो निघतो. सात दिवसांत किती माती निघाली, ती कोठे पडली आणि पावसाळ्यानंतर तो बांध टिकला काय, हे मात्र अहवालात क्वचितच आढळते. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या वर्षांत गावागावांच्या स्पर्धा घेतल्या. त्यांत श्रमदानाने झालेले काम मोजून गुण दिले जात, आणि तेवढ्या एका गोष्टीने गावे उन्हाळ्यात रात्री-अपरात्री कामाला लागलेली लोकांनी पाहिली.

परभणी जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने आपल्या शिबिरातील मुलांना रोजगार हमीच्याच दराने चौकडी मोजून द्यावी. मधोमध खुंट राखावा. संध्याकाळी मुलांनीच फीत धरावी, आकडा पुस्तिकेत लिहावा आणि आपली मजुरी किती पडली ती काढावी. ३१२ रुपये पुरे होण्यास किती माती उपसावी लागते ते त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. मग त्यांच्यातील वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच गावातील खऱ्या कामाचा हजेरीपट आणि मोजमाप ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. सामाजिक अंकेक्षणाची तरतूद २००५ च्या कायद्यात मुळातच होती. वाचणारा मिळाला नाही म्हणून ती कागदावर राहिली. नावे वाचली जातील तेव्हा कोण कामावर होते आणि कोण नव्हते हे सांगायला गाव समोरच बसलेले असेल, आणि ज्या टेबलावर ती पुस्तिका अडून राहिली त्याचे नावही बहुधा त्याच बैठकीत निघेल.